भरल्या घरातला तोटा

मंडळी, प्रसादाच्या पिशव्या जरा मांडीवरून खाली ठेवा, आणि मला एवढंच सांगा — माणूस घाबरतो कशाला? पैसे जायला? की गेलेले पैसे शेजाऱ्याला कळायला?

हां! मागं कोणीतरी खोकलं. तो खोकला नव्हे हो, उत्तर आहे ते!

ऐका. कऱ्हाडात हृषीकेश बारटक्के नावाचा मुलगा. वय एकोणतीस. वडील नाहीत, घरात तो आणि आई कुमुदताई. धंदा शेअरबाजाराचा. सकाळी घ्यायचं, दुपारी विकायचं. दुकान नाही, पाटी नाही, गिऱ्हाईक नाही! जिन्याखालची एक खोली, एक टेबल, एक कॉम्प्युटर. आणि पोरगा बरा कमवायचा बरं का. कारण त्याचा एक नियम होता — दोन हजार गेले की बाहेर! सौदा करतानाच कॉम्प्युटरला सांगून ठेवायचं, ‘बाबा रे, तोटा दोन हजारांवर गेला की मला न विचारता विकून टाक.’ याला म्हणतात स्टॉप लॉस. दिवसाआड तोटा व्हायचा. पण दोन हजारांचा! फायदा झाला की सहाचा, आठचा. तोटा झाला की पठ्ठ्या उठायचा, चहा प्यायचा, पुन्हा बसायचा. बघायला कोण होतं तिथं?

मग आलं स्थळ! साताऱ्याची मुलगी, अबोली. दोघं दोनदा भेटली, हॉटेलात डोसा खाल्ला, आणि आमच्या हृषीकेशला ती आवडली. मनापासून आवडली हो! दुसरी कोणी नको, इथपर्यंत मजल गेली. पण अबोलीचे वामनमामा — बँकेतून साहेब म्हणून रिटायर झालेले — ते म्हणाले, “मुलगा बसतो कुठं? ऑफिस कुठंय? आम्ही येऊन बघणार. काम करताना बघणार!”

मंडळी, पूर्वी मुलीला काय करायला लावायचे? चालून दाखव. गाऊन दाखव. सुईत दोरा ओवून दाखव! आता? मुला, शेअर घेऊन दाखव! फिटलं की नाही पिढ्यांचं? बायका बघा कशा हसताहेत!

बरं, बघण्याचा कार्यक्रम असतो रविवारी. रविवारी बाजार बंद! म्हणून ठरला मंगळवार. मामींनी रजा टाकली, मावशींनी रजा टाकली. सकाळी दहाला अबोलीसकट नऊ माणसं त्या जिन्याखालच्या खोलीत. चार खुर्च्यांवर, तीन कॉटवर, दोन दारात. कुमुदताईंनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, माउसवर फूल ठेवलं. लेकाला म्हणाल्या, “अरे, देवाचं नाव घे आणि दाब.”

काय दाबतो! माउस धरला, सोडला, पुन्हा धरला. हसू नका. हे तुमचे बुवा, सदतीस वर्षं कीर्तन करतात, आणि आज इथं उभं राहण्याआधी तीनदा जाऊन आले! कुठं ते विचारू नका.

दाबलं बाबा एकदाचं. एका कंपनीचे शेअर घेतले, दोन हजारांचा स्टॉप लॉस लावला. आणि भाव लागला पडायला! पाचशे गेले. हजार गेले. मामा चष्मा वर करून विचारतात, “लाल दिसतंय ते काय? वाईट का?”

“नाही नाही मामा. असं होतं. येईल वर.”

अठराशे. आता कॉम्प्युटर शेअर विकून टाकणार! एकटा असता तर चहा प्यायला असता की नाही? पण खोलीत अठरा डोळे! त्यानं काय केलं? स्टॉप लॉस उचलला आणि चार हजारांवर नेऊन ठेवला. का? शेअर चांगला म्हणून? छे! मामांसमोर तोटा पक्का होऊ नये म्हणून. चारावर आल्यावर सातावर नेला. सातावर आल्यावर — काढूनच टाकला! आणि तोंडानं काय? “बाजार आज जरा हळवा आहे.” अरे, बाजार कसला हळवा? तू हळवा!

अकरा हजार गेले. पोह्यांच्या बशा तशाच. कोणी खाईना, कोणी उठेना. आणि अबोलीनं विचारलं, “तुम्ही रोज असंच करता?”

हृषीकेशनं मान वर केली. म्हणाला, “नाही. रोज मी दोन हजारांवरच बाहेर पडतो.”

“मग आज का नाही पडलात?”

काय सांगणार? ‘तू बघत होतीस म्हणून’? तो म्हणाला, “लाज वाटली.”

“मग आता पडा की.”

“सगळ्यांसमोर?”

“आता कोण राहिलंय बघायचं?”

मंडळी, त्याचा हात बघायला हवा होता. अश्शी थरथर! माउसवरचं फूल खाली पडलं. पण दाबलं त्यानं. विकलं. अकरा हजार चारशेचा तोटा, नऊ माणसांसमोर. भीती गेली म्हणून दाबलं का हो? कसली जाते! भीती तिथंच बसली होती, दहावी पाहुणी. थरथरत्या हातानंही बटण दाबलं जातं, एवढंच त्याला त्या दिवशी कळलं.

मामा ताडकन उठले. “चला! मुलाला स्वतःच्या कामावर ताबा नाही. आमची मुलगी द्यायची कशी?”

अबोली जागची हलली नाही. “मामा, तुम्ही ते साखर कारखान्याचे शेअर घेतले होते, त्यांचं काय झालं?”

मामी म्हणाल्या, “कुठले शेअर?”

मामा खाली बसले.

“अहो, तुमच्याशी बोलतेय. कुठले शेअर?”

“आहेत थोडे… पडलेत जरा. पण विकले कुठं? विकल्याशिवाय तोटा नसतो!”

“किती वर्षं पडलेत?”

“नऊ.”

नऊ वर्षं! हृषीकेशनं दीड तास झाकलं, तर मुलगी देत नव्हते. यांनी नऊ वर्षं झाकलं, आणि हे परीक्षक! तेवढ्यात अबोलीनं पोह्यांची बशी उचलली, म्हणाली, “मला हाच मुलगा हवा. जो नऊ जणांत ‘लाज वाटली’ म्हणाला, तो घरात माझ्यासमोरही म्हणेल.” आणि थंडगार पोहे खाल्ले तिनं.

झालं, लग्न ठरलं! वाजवा टाळ्या. — पुरे. आता माझ्याकडे बघा.

टाळ्या सोप्या असतात हो. मामांना हसणंही सोपं. आता डोळे मिटा. आपापला एक आकडा आठवा, घरात कोणालाच न सांगितलेला. चिटफंडात गेलेला असेल, जागेत अडकलेला असेल, ‘येईल वर’ म्हणून ठेवलेला असेल. आठवला? ज्याच्याकडे असा आकडा नाही, त्यानं हात वर करावा.

एक तरी? … बाया, तुम्हीसुद्धा?

बरं. देवाला तो आकडा केव्हाच ठाऊक आहे, त्याच्यापुढे कानाला हात लावून उपयोग नाही. ज्यांना ठाऊक नाही, ती माणसं या मंडपात तुमच्याच शेजारी बसली आहेत. आरतीला अजून पाच मिनिटं आहेत. डोळे उघडा, वळा त्यांच्याकडे, आणि सांगा तो आकडा.

वळा! माझ्याकडे काय बघताय?