पांगलेल्याला हाक

माझ्या धाकट्या लेकीचं लग्न झालं त्या वर्षी डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त वनरक्षक आणि त्यांची थोरली बहीण बसली होती.

“लांडगे भुकेनं रडतात ना रे?”

“नाही, अक्का. कळपातला एखादा पांगला, की बाकीचे त्याला हाक देतात.”

“आणि तो आलाच नाही तर?”

“तरी देतात. मी ऐकलंय.”

“मग तू लेकीला चार वर्षांत एक फोन नाही केलास.”

“भांडून गेली ती.”

“लांडगे विचारतात का, भांडून गेला की कसा?”

“मला आकडे दिसत नाहीत.”

“मला तरी कुठं दिसतात? या भाऊंना सांग.”

मी नंबर लावून दिला.

“काय बोलू, अक्का?”

पुढच्या तपासणीला अक्का एकट्याच होत्या. लेक आली, महिनाभर बापाजवळ राहिली, म्हणाल्या. वनरक्षक थंडीच्या अखेरीस वारले.