शेवटच्या मण्यावरचं नाव

माह्यं नाव जैतुनबी. माहेर बोरगावचं, सासर सौंसरचं, दोन्हीकडं पिंजाऱ्याचंच घर, म्हनजे कापूस पिंजाचा अन् गाद्या-रजया भराच्या, हाच धंदा बापाचा अन् हाच सासऱ्याचा. घरात आमी हिंदी बोलतो, गल्लीत मराठी, अन् भांडन झालं तं दोन्ही. लहानपनी सकाळी आवाज यायचा तो धुनकीचा, धुनकी म्हनजे पिंजाचं धनुष्य, जी, तिच्या तातीवर लाकडी मुगरी मारली का कापूस फुलून उडते, अन् त्या आवाजात माह्यी माय तसबी ओढत बसे. तसबी म्हनजे आमची जपमाळ. अल्लाचे नव्यान्नव नावं, एका मन्याले एक. मले ते मायनं चुलीपुढं शिकवले, लिहाले-वाचाले येत नाई मले, पन ते नावं झोपेतून उठवलं तरी सांगीन.

आता एक गोठ आधीच सांगून ठेवते, नाई तं पुढचं तुम्हाले समजनार नाई. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाई. तुमच्यातल्या जुन्या बायाही घेत नोव्हत्या, उखान्यात घेत तेवढंच. अन् माह्या नवऱ्याच्या नावात अल्लाचं नाव आहे, पुढं अब्दुल लावलेलं, म्हनजे त्या नावाचा बंदा. ते नाव कोनतं, तं नव्यान्नवातलं सगळ्यात शेवटचं. मंग मी काय करे, लग्न झालं तवापासून तसबी ओढली का शेवटच्या मन्याजवळ येऊन थांबे, मन्याले ओठ लावे, अन् तसबी खुंटीले टांगून देई. ओठ लावले म्हनजे झालं, अल्लाले समजते. माह्या सासूचंही तसंच होतं, तिच्या नवऱ्याचं नाव मधातच कुठंतरी येत होतं, तिथं ती खोकलून पुढं जाई. हसू नका, खरं सांगून राह्यली. ह्याईले मी शबानाचे अब्बा म्हनते, शबाना आमची पोरगी, अन् शबाना होवाच्या आधी अहो सुनता का म्हने.

हे स्वभावानं गरीब. गिऱ्हाईकानं रजई हातात घेऊन म्हनावं का हलकी लागते, तं हे काही न बोलता उसवून अजून रुई भरून देत. माह्या जेठाले, म्हनजे ह्याईच्या मोठ्या भावाले, ते पाहवत नोव्हतं. घर एकच, कारभार जेठाच्या हातात. त्या साली बस स्टँडाजवळ पिंजाची बिजलीची मशीन लागली अन् आमच्या ओट्यावर येनारे लोक तिकडं जाऊन राह्यले. जेठ एक दिवस गल्लीतल्या लोकाईदेखत म्हनले, तुह्यात दमच नाई, तू बाई व्हाले पाह्यजे होतं. हे हसले. ते हसनं मी पाह्यलं, जी, मले बरं नाई वाटलं.

हे गुरुवारी पांढुर्ण्याले जात. तिथं एक बुजुर्ग होते, सगळे त्याईले हजरत म्हनत, त्याईच्या घरी जिक्र होई. जिक्र म्हनजे अल्लाचं नाव श्वासासंगं घ्याचं अन् आंगातल्या एकेका जागेवर ठेवाचं. हे घरी येऊन मले सांगत, डाव्या छातीखाली दिलाची जागा, उजवीकडं रूहची, म्हनजे जिवाची, एक छातीच्या मधात, एक कपाळात, ह्या जागाईले लतीफे म्हनतेत, नाव ठेवलं का जागा जागी होते अन् आतमंधी उजेड पडते. मी म्हने, आधी जेवून घ्या. अन् नाव सगळ्याईले एकच नसते. हजरत मानूस पाहून नाव देत, इजाजत देऊन देत. काही नावं थंडे असतेत, काही गरम, गरम नाव भलत्या मानसाले सोसत नाई.

त्या बैठकीत एक ट्रकवाला येई, दारूत बुडलेला. हजरतनं त्याले गरम नाव देल्लं, या कह्हार, म्हनजे ए सगळ्याईवर जोर चालवनाऱ्या. त्याची दारू सुटली, छाती काढून चालाले लागला. ह्याईनं ते पाह्यलं अन् मनात आनलं का हेच नाव मले पाह्यजे, मंग भाऊही पाहीन माह्यात किती दम आहे तं. हजरतले इचारलं नाई, मले सांगतलं नाई. दुसऱ्याच्या नावाची दवा उचलली अन् पिऊन घेतली.

अन् कशी घेतली ते पाहा. जिक्रात नावाचा ठोका देतेत दिलावर, हलका, जर्ब म्हनतेत त्याले. हे पडले पिंजारी मानूस. मुगरी तातीवर पडली का कह्हार, पडली का कह्हार, दिवसभर, अन् दिलावर नाई, कपाळात, काहून का वरची जागा मोठी असन असं वाटलं त्याईले. मले वाटे काम वाढलं, बरं झालं. कुठचं काम, तेच ते बोचकं पिंजून पिंजून रुईचा भुगा करून टाकला होता.

मंग झोप गेली. मंग जेवन गेलं. डोळे लाल, डोक्शावर ओला दुपट्टा, म्हनत कपाळात भट्टी पेटून राह्यली. शबाना जवळ गेली तं तिच्याकडं असं पाह्यलं का पोरगी रडत शेजारच्या सुशीलाबाईकडं पळाली, सुशीलाबाई बौद्ध, तिचा मालक तहसीलीत चपराशी, भिंतीले भिंत आमची. मी इचारलं, काय होऊन राह्यलं तुम्हाले, तवा त्याईनं हे सगळं सांगतलं, एकदाच, अन् मंग बोलनंच बंद केलं, ओठ हलत नुसते. भाकर टाकताना माह्यं ध्यान ओट्याकडं, पानी आनाले गेली तरी ध्यान ओट्याकडं, का हे उठून तं नाई गेले. दोनदा गेले. एकदा छिंदवाड्याच्या रस्त्यानं, एकदा कापसाच्या वावरात उभे होते उन्हात, गड्याईनं आनून सोडले.

तेवढ्यात गुलाबभाऊ आले. संत्र्याचे बगीचेवाले, त्याईच्या पोरीच्या लग्नाच्या गाद्या आमच्याकडं होत्या. गाद्याईचं इचाराले आले अन् ह्याईले पाहून खालीच बसले. म्हनले, वहिनी, हे काय बाहेरचं नाई, माह्या काकाचं असंच झालं होतं, जामसांवलीले मारोतीच्या देवळात जाऊन जपाले बसला, गुरू नाई का काही नाई, बेंबीजवळची शक्ती सरळ टाळूत चढवली, आमच्यात त्या जागाईले चक्र म्हनतेत, चढली ते उतरेचना. मी म्हनलं, मंग उतरवली कोनं. तं म्हने, ज्याले वाट माहीत होती त्यानं, बाकीचे आमी नुसते धरून बसलो होतो.

पन जेठाचं ठरून गेलं होतं. जुम्म्याच्या, म्हनजे शुक्रवारच्या, सकाळी जीप येईन, नागपूरच्या पागलखान्यात टाकून येऊ. मी दारामागून म्हनलं, एकदा हजरतले इचारू द्या. जेठ म्हनले, त्याईच्याच नादानं झालं हे. आमच्या गल्लीतून एक मानूस तिकडं गेला होता, जी, त्याची बायको अजून वाट पाहून राह्यली. मले तेच दिसे. हे एकदा त्या फाटकातून आत गेले तं मी कोनत्या तोंडानं आनाले जाऊ, मले कोन सोडन आत, त्याईचं नाव इचारलं तं तेही मले सांगता येनार नाई.

गुरुवारी मी शबानाले सुशीलाबाईकडं ठेवलं, ह्याईवरही ध्यान ठेवाले तिले सांगतलं, अन् जेठ बाजारात गेल्यावर पांढुर्ण्याची बस धरली. एकटी पहिल्यांदाच. सगळ्या रस्त्यानं ध्यान घरीच, का तिकडं काय होत असन.

हजरत पडद्याआड, मी अन् त्याईची बीबी इकडं. सगळं सांगतलं. हजरत म्हनले, ते नाव त्याचं नोव्हतं, अन् ती जागाही नोव्हती, डोक्शात गरमी अडकली, तिले दिलात उतरवाले पाह्यजे, थंड्या नावानं. सौंसरचे दोघं-तिघं येतेत बैठकीत, तुह्या मरीजचं नाव काय. मी बीबीकडं पाह्यलं. पुन्हा इचारलं, नाव सांग बेटी, नावावरून दवा ठरते. मी पदर तोंडात धरला. बीबी म्हनल्या, नवऱ्याचं नाव आहे ना, घेत नसन ती. मंग मी बीबीच्या हातातली तसबी घेतली अन् शेवटच्या मन्यावर बोट ठेवलं. बीबीनं पडद्याकडं तोंड करून सांगतलं, शेवटचा मनी दाखवते.

पडद्यामागं हजरत हसल्यासारखे झाले. म्हनले, मंग इतके वर्सं तू ह्या मन्याले काय म्हनत होती. मी म्हनलं, ओठ लावत होती. बीबीनं कपाळावर हात मारला, अल्ला मोठा का नवरा मोठा वं. हजरत म्हनले, राहू दे, अदब आहे ते, अदब काही वाईट नाई, पन आता तोंड उघडा लागन. तेच नाव त्याची दवा आहे, थंडं नाव, धीर धरनाऱ्याचं. ते अल्लाचं नाव, हा त्याचा बंदा, अन् इजाजत मी तुले देऊन राह्यलो, त्याले नाई. अन् डॉक्टरकडून झोपेची गोळीही घेजो, नावानं गोळीचं काही बिघडत नाई.

बीबीनं माह्या डाव्या छातीखाली दोन बोटं ठेवून जागा दाखवली. म्हनल्या, तुह्यंच किती धडधडून राह्यलं, आधी स्वतःचं थांबव. पिंजल्यावानी ठोका देऊ नको, आपन लेकरू थोपटतो तसं थोपट. उठता उठता मी हजरतले इचारलंच, मी घरात हे नाव घेतलं नाई, टाळलं, त्याच्यानं तं नाई झालं हे. ते म्हनले, नाई बेटी, अल्ला इतका रुसत नाई. म्हनले ते, अन् मी ऐकलं, पन मनातून गेलं नाई माह्या. आजही पुरं गेलं नाई.

घरी आली. हे ओट्यावर, ओठ हलून राह्यले. मी जवळ बसली, हात ठेवला, अन् काय सांगू तुम्हाले, जीभ उचलेच ना. अब्बा शबानाचे, शबानाचे अब्बा, एवढंच निघे. हात झटकून देल्ला त्याईनं. सकाळी जीप येनार अन् माह्यं तोंड शिवल्यावानी.

जुम्म्याले जीप आलीच. गल्ली सगळी बाहेर. जेठानं एका बाजूनं धरलं, दोन मानसाईनं दुसऱ्या बाजूनं, हे आंग टाकून देत, मुगरी छातीशी धरून ठेवली होती, सोडत नोव्हते. सुशीलाबाई जीपच्या दारात उभी राह्यली, म्हने थांबा, बाईले एकदा भेटू द्या, अन् हललीच नाई तिथून. मी डोक्शावरचा पदर सावरला, का सरकला, मले ध्यान नाई. जेठापुढं मी कधी आवाज काढला नोव्हता. मी जाऊन ह्याईच्या डाव्या छातीखाली हात ठेवला, मुगरीच्या मागं, अन् म्हनलं, या सबूर.

गल्लीतल्या बायाईनं तोंडाले पदर लावले, त्याईले वाटलं ही नवऱ्याले नावानं हाका मारून राह्यली. जेठ म्हनले, शरम आहे का. मी थोपटत राह्यली, या सबूर, या सबूर, माह्या डोळ्यातून पानी, नाकातून पानी, किती वेळ ते नाई सांगता येत. हाताखाली त्याईचं काळीज धावून राह्यलं होतं ते मले लागे. मंग ह्याईनं माह्याकडं पाह्यलं, ओळखीचं पाह्यलं, अन् म्हनले, तू माह्यं नाव घेतलं वं.

एवढंच बोलले. मुगरी खाली टाकली, अन् ओट्यावर गुलाबभाऊच्या पोरीच्या गादीची रुई पसरली होती तिच्यात जाऊन आडवे झाले. झोपले, जी. जेठ ते पाहून ड्रायव्हरले म्हनले, जा बाप्पा तू.

एका दिवसात बरे झाले असं नाई. डॉक्टरच्या गोळ्या कितीक महिने चालल्या, मधात मधात गरमी चढे, मी हात ठेवत जाई. जेठानं पुन्हा कधी त्याईले काही म्हनलं नाई, माह्यासंगं मात्र अजूनही बोलत नाई. आता हे बस स्टँडावरच्या त्याच मशीनवर कामाले जातेत, धुनकी आड्याले टांगून ठेवली आहे, तिले कोनी हात लावत नाई. हजरत मागच्या साली गेले. कपाळ गरम लागलं तं मी आता कोनाकडं जाऊ, हे मनात येते, मंग म्हनते का इजाजत देऊन गेले ना ते. अल्ला तुमचंही घर राखो, तुमच्या मानसाईचं डोकं थंडं ठेवो.

घरात नावानं हाक मी अजूनही मारत नाई, शबानाचे अब्बाच म्हनते. पन तसबी आता पुरी ओढते. सकाळी आत बसून शेवटच्या मन्यावर आली का मोठ्यानं म्हनते, या सबूर. अन् हे ओट्यावरून म्हनतेत, काय वं. मी म्हनते, तुम्हाले नाई, अल्लाले आवाज देऊन राह्यली. रोजचं आहे हे आमचं. एखाद्या दिवशी ओट्यावरून काही येत नाई. तवा मी मन्यावरचं बोट काढत नाई, श्वास धरून तशीच बसते, काय वं ऐकू आलं का मंग तसबी खुंटीले टांगते अन् चहा ठेवते.