खालचा बांध

रघोजी : ज्या वर्षी मी तुझ्या आईचं लग्न लावून दिलं, त्याच वर्षी. पंच्याण्णव साल. वैशाखात मांडव पडला, अनिरुद्धराव पहिल्या पंगतीला बसले, पायसम दोनदा मागून घेतलं. आणि भाद्रपदात त्याच माणसानं माझं पाणी बंद केलं.

विनुता : ताता, मी काय विचारलं आणि तुम्ही काय सांगताय. परवा माझं कॉलेजात भाषण आहे. मोठा देश शेजाऱ्यांवर दिवसेंदिवस जास्त दांडगाई का करायला लागतो, हा विषय. आज पावसाची सुट्टी आहे म्हणून मी वाचून दाखवते, तुम्ही ऐका, कुठे कंटाळा आला ते सांगा. एवढंच ठरलं होतं आपलं.

रघोजी : मग मी दुसरं काय सांगतोय? एक मोठा, एक धाकटा, मध्ये बांध. वाच.

विनुता : 'राष्ट्राचं बळ वाढलं की ते वापरण्याची इच्छाही वाढते. काल जे सहन केलं ते आज सहन होत नाही.'

रघोजी : चूक.

विनुता : मोठ्या प्रोफेसरांचं म्हणणं आहे ते.

रघोजी : त्यांना शेत आहे?

विनुता : फ्लॅट आहे. चेन्नईत, चौथ्या मजल्यावर.

रघोजी : मग त्यांना काय ठाऊक. आणि तुलाही नाही, तू तंजावरात वाढलीस. नीट ऐक. वरचं शेत अनिरुद्धरावांचं, खालचे पाच एकर माझे. कालव्याचं पाणी आधी त्यांच्यात जाणार, त्यांचं भागलं की बांधाच्या तोंडातून माझ्यात उतरणार. त्या तोंडाला मडै म्हणतात. त्यांचे चाळीस एकर होते तेव्हा ती मडै उघडायला त्यांचाच माणूस यायचा. मला कधी मागावं लागलं नाही. मग भावांनी वाटणी मागितली. चाळिसाचे तेरा झाले. त्या दिवसापासून त्यांच्या कपाळावरची आठी मोडली नाही. बळ वाढलं म्हणून नव्हे, पोरी. बळ चाललं म्हणून.

विनुता : हे माझ्याकडे आहे. पान तीन. उतरणीला लागलेला देश जास्त धोक्याचा. उद्या जमणार नाही, तेव्हा आजच काय ते ओढून घ्या.

रघोजी : तिसऱ्या पानावर कशास? पहिल्यावर घे.

विनुता : घेतलं. आता मध्ये बोलू नका. 'पहिलं पाऊल लहान असतं. चीननं समुद्रातल्या खडकांवर वाळू टाकून टाकून बेटं उभी केली. शेजारी निषेधाची पत्रं पाठवत राहिले.'

रघोजी : वाळू टाकून?

विनुता : जहाजांनी उपसून.

रघोजी : इथे नांगरानं. दर नांगरटीला बांध वीतभर माझ्याकडे सरकायचा. पहिल्या वर्षी मी हसलो. दुसऱ्या वर्षी तुझ्या आजीला सांगितलं. तिसऱ्या वर्षी त्यांच्याकडे गेलो तर म्हणतात, रघोजी, आधी का नाही बोललास, आता हाच बांध झाला.

विनुता : हे मी भाषणात घेते.

रघोजी : नाव घालून घे.

विनुता : नाव नाही घालणार.

रघोजी : मग कशास घेतेस? नाव नसेल तर त्यांना काय लागणार?

विनुता : ताता, ते आता चौऱ्याऐंशीचे आहेत. आषाढात अर्धांग झालंय. अंथरुणावरून हलत नाहीत.

रघोजी : कान चालतात ना? पुढे वाच.

विनुता : 'काही देश अपमान विसरत नाहीत. शंभर वर्षांपूर्वी कुणी आपल्याला वाकवलं, ते शाळेत मुलांना शिकवतात. बळ आलं की त्याचं उट्टं काढतात.'

रघोजी : बरोबर करतात.

विनुता : ताता, ही वाईट गोष्ट म्हणून सांगायची आहे मला.

रघोजी : तुला कुणी वाकवलं नाही अजून, म्हणून. तुझी आजी अंबा त्या भाद्रपदात त्यांच्या ओट्यापुढे दोन तास उभी होती. रोपं पिवळी पडायला लागली होती. अनिरुद्धराव आत जेवत होते. जेवले, तांबूल खाल्लं, बाहेर आले आणि म्हणाले, नवऱ्याला पाठव. मी गेलो. त्यांची पाच-सहा माणसं तिथे बसलेली. मला म्हणाले, पाणी देतो, फक्त ह्या अर्जावर अंगठा लाव. पाणी हवं, एवढंच लिहिलंय ह्यात. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. तमिळ नाही, मराठी नाही, काही नाही. लावला.

विनुता : आणि त्यात दुसरंच होतं. ठाऊक आहे मला. लहानपणापासून ऐकतेय.

रघोजी : ऐकलंस, पण नीट नाही. 'माझा पाण्यावर हक्क नाही. मिळेल ते अनिरुद्धरावांच्या मेहेरबानीनं मिळेल. मी मागणार नाही, तक्रार करणार नाही.' दोन वर्षांनी ओरत्तनाडूच्या कचेरीत तक्रार घेऊन गेलो, तर तिथल्या कारकुनानं हाच कागद मला वाचून दाखवला. मोठ्यानं. मागे रांग होती. लोक हसले. नक्कल घेऊन घरी आलो. तुझी आजी म्हणाली, काय लिहिलंय? मी म्हटलं, मला वाचता येत नाही.

विनुता : म्हणून तुम्ही शिकलात.

रघोजी : तुझ्याच पाटीवर. तू चार वर्षांची, मी त्रेपन्न. तू 'अम्मा' लिहायचीस, मी त्याच्या खाली. तुला वाटायचं आजा खेळतोय. मला एकच कागद वाचायचा होता. वाचला. ह्या पेटीत आहे. दर पोंगलला काढून वाचतो.

विनुता : लोक पोंगलला सूर्याची पूजा करतात.

रघोजी : तीही करतो. आधी कागद.

विनुता : बरं, आता माझं ऐका. चार दिवस पाऊस थांबलेला नाही. वरच्या शेतातलं पाणी खाली उतरायला तुमच्या शेतातूनच वाट आहे. तुम्ही ती मडै काँक्रीटनं बुजवलीत आणि बांध हातभर चढवलात.

रघोजी : उन्हाळ्यातच केलं ते. गवंडी आणून. मी तीस वर्षं विचार करत होतो, वरच्याचं काय बिघडवता येतं. काहीच नाही असं वाटायचं. मग एका पावसात बांधावर उभा होतो आणि डोक्यात प्रकाश पडला. पाणी देणारा तो आहे. पण पाणी काढून घेणारा मी आहे.

विनुता : त्यांचं भात बुडालंय.

रघोजी : शेंडे दिसतात अजून. आज दुपारपर्यंत दिसतील.

विनुता : आणि मुरलीचं? त्याचे दोन एकर त्यांना लागून आहेत. त्यानं तुमचं काय केलं होतं?

रघोजी : मुरलीला पुढच्या हंगामाचं बियाणं मी देईन. सांगितलंय त्याला.

विनुता : काय म्हणाला?

रघोजी : हात जोडले.

विनुता : तुमच्यापुढे हात जोडले. ओट्याखाली उभा राहून?

रघोजी : भाषण वाच तुझं.

विनुता : वाचतेच आहे. पाचाचे तुमचे अकरा एकर झाले. पंप आला, काँक्रीट आलं. मी ज्या देशाबद्दल लिहिलंय ना ताता, तो मला इथे समोर खुर्चीत बसलेला दिसतोय. कापी पितोय.

रघोजी : साखर कमी आहे हिच्यात.

विनुता : अनिरुद्धरावांचे सुरेंद्रमामा परवा भिजत आले होते. त्यांना काय सांगितलंत?

रघोजी : सरळ सांगितलं. तोच कागद. तेच शब्द, फक्त नावं उलटी. 'माझं पाणी काढून द्यायला रघोजी बांधील नाही. देईल तर मेहेरबानीनं देईल.' अनिरुद्धरावांनी स्वतः लिहायचं. तो म्हणाला, बाबांचा हात चालत नाही. मी म्हटलं, मग तर फारच छान. अंगठा लावू दे.

विनुता : आणि कागद आला तर बांध फोडाल?

रघोजी : फोडीन.

विनुता : नक्की? की मग आणखी काही मागाल? कारण शेवटच्या पानावर मी तेच लिहिलंय. एक मिळालं की दुसरं मागतात.

रघोजी : मी देश नाही, पोरी. मी एक कागद मागतोय. बाहेर कोण आहे बघ.

(अंगणात छत्री मिटल्याचा आवाज.)

विनुता : राजममामी आहेत. सुरेंद्रमामांच्या. मामी, वर या ना, भिजताय.

राजम : नको ग. इथेच बरी आहे.

रघोजी : राहू दे, विनुता. अनिरुद्धरावांच्या सुनेला आमच्या ओट्यावर बसायचा कमीपणा वाटत असेल.

राजम : तसं नाही, काका. आज वर येता येत नाही.

विनुता : केस चिंब झालेत तुमचे. छत्री असून? थोडी कापी तरी घ्या.

राजम : कापीही नको. काका, कागद आणलाय. तुम्ही सांगितलं होतं तसाच. शब्द ह्यांनी लिहिले. खाली मामंजींचा अंगठा आहे.

रघोजी : दे इकडे. नाही, विनुताच्या हातात नको, माझ्या हातात दे. चष्मा कुठे आहे माझा?

विनुता : कपाळावर.

रघोजी : 'मी, अनिरुद्धराव... माझं पाणी काढून द्यायला रघोजी बांधील नाहीत...' रघोजींना मान देऊन लिहिलंय सुरेंद्रनं. मला दिला नव्हता त्यांनी. '...देतील तर मेहेरबानीनं देतील. मी तक्रार करणार नाही.' विनुता, पेटीतली नक्कल काढ. शेजारी ठेव. बघ. माझा अंगठा कसा फिसकटलाय. नकलेतसुद्धा कळतं. हात थरथरत होता माझा. त्यांचा बघ. रेघ न् रेघ उठलीय.

विनुता : दिसतंय.

रघोजी : थरथरला नाही का ग त्यांचा हात?

राजम : नाही, काका.

रघोजी : काही बोलले? शिव्या दिल्या असतील मला.

राजम : काही बोलले नाहीत.

रघोजी : डोळ्यांत पाणी आलं? खरं सांग. माझ्या आलं होतं. त्यांच्या माणसांपुढे.

राजम : नाही आलं.

रघोजी : दगड आहे. पहिल्यापासून दगड.

विनुता : ताता, कागद मिळाला. मी जाऊन मुरलीला सांगते, पहार घेऊन ये. मामी, तुम्ही घरी जा, तासाभरात पाणी उतरायला लागेल.

रघोजी : थांब.

विनुता : काय आता?

रघोजी : हे पोचलं नाही त्यांना. हात थरथरत नाही, तोंडातून शब्द नाही, डोळ्यांत टिपूस नाही. असा कागद घेऊन मी काय करू? तीस वर्षं मी ह्याच्यासाठी नाही थांबलो. राजम, त्यांना बांधावर आण. खुर्चीत घालून आण, चौघांनी उचलून आण, कसंही. ते समोर असतील तेव्हा मी पहिला घाव घालीन. त्यांनी बघायला हवं, कोण देतंय.

विनुता : ताता, आत्ता म्हणालात एकच कागद.

रघोजी : तू मध्ये पडू नकोस.

विनुता : शेवटचं पान आहे हे माझं. शब्दन् शब्द.

रघोजी : जाळ ते पान. राजम, ऐकलंस ना? अनिरुद्धराव बांधावर आले तर पाणी उतरेल. नाही आले तर कागद परत घेऊन जा.

राजम : येतील, काका. मी तेच विचारायला थांबले होते. चौघंच आणतील. दुपारी दोन वाजता.

रघोजी : त्यांनी कबूल केलं?

राजम : नदीकाठच्या स्मशानाची वाट तुमच्याच बांधावरून जाते. दुसरी सगळी पाण्याखाली आहे.

विनुता : मामी...

रघोजी : काय म्हणालीस?

राजम : मामंजी आज बुधवारी, सत्तावीस नोव्हेंबरला, पहाटे पाच वाजता गेले. अंगठा साडेसहाला मी लावून घेतला.