मीनलचे गुडघे

"आमच्या ह्यांनी खिडकीतून पाहिलं, मीनल त्या पाद्र्यांच्या कॉलेजात गुडघे टेकून..." इमारतीच्या तळघरातल्या सामाईक मशीनवर कपडे धुताना एका मराठी शेजारणीचं एवढंच बोलणं कानावर आलं आणि मेलं ते मशीन घरघरायला लागलं.

मीनल म्हणजे आमची शेजारीण, इथे फ्रँकफर्टला पीएचडी करते. मी धावत वर गेले, तर बातमी तिच्या सासूबाईंपर्यंत आधीच पोचलेली. पुण्याहून आलेल्या सुमनताई रडवेल्या होऊन बसल्या होत्या. "शोभा, सून बाटली तर मी घरी काय सांगू गं?"

"रडताय कशाला? जाऊन बघू की!"

मीनलला म्हटलं, आम्हालाही दाखव त्या कॉलेजातली तुझी लायब्ररी. ती आनंदाने घेऊन गेली. आत एक म्हातारे पाद्री पुस्तकं लावत होते. मीनल सरळ एका कपाटापुढे गेली आणि तिने खरोखरच गुडघे टेकले! सुमनताईंनी माझा दंड आवळला.

"मीनल, हे काय?"

"अहो आई, मिशनऱ्यांनी छापलेली जुनी मराठी पुस्तकं सगळ्यात खालच्या फळीवर आहेत. माझा अभ्यास त्यांच्यावरच आहे ना!"

सुमनताईंचा जीव भांड्यात पडला. "मग मांडी घालून बसावं. गुडघे जातील अशाने," म्हणत त्या स्वतःच जमिनीवर मांडी घालून बसल्या, आणि डोळे मिटून गजाननाचे आभार मानायला लागल्या.

पाद्रीबाबांनी मला हळूच विचारलं, "मेडिटेशन?"

मी जोरजोरात होकारार्थी मान हलवली. तळघरातली बातमी निदान गुडघ्यांपुरती तरी खरी होती, माझी तेवढीही नव्हती.