घराच्या वाट्याला एक खुर्ची

वकीलबाई : उशी एकच?

लाँड्रीवाला : एकच. माणसाला डोकी किती असतात?

वकीलबाई : खुर्ची एक, कप एक, ताट एक, चमचा एक. पायपुसणं मात्र अख्खं दिलंत.

लाँड्रीवाला : त्याचं अर्धं करता येत नव्हतं.

वकीलबाई : अहो, तुमच्या घरात सहा खुर्च्या आहेत ना? मग पाच कुठे गेल्या?

लाँड्रीवाला : दुकानाच्या वाट्यात. सोफा, डबलबेड, गाद्या, फ्रिज, सगळं दुकानाच्या वाट्यात टाकलंय. घराच्या वाट्यात घर आहे. घराला आणखी काय लागतं?

वकीलबाई : घटस्फोटाच्या वाटणीचा नियम लक्षात आहे ना? वाटे तुम्ही करायचे आणि आधी उचलायचा तुमच्या बायकोनं. म्हणजे वाटे करणाऱ्याचा हात आपोआप सरळ पडतो. बहुतेकांचा पडतो.

लाँड्रीवाला : पाठ आहे मला. एकीकडे लाँड्री, वाफेचं मशीन आणि मशीनचं कर्ज. दुसरीकडे घर आणि घराचे राहिलेले हप्ते. किंमत तुमच्याच माणसानं काढली. दोन्ही पारडी सारखी.

वकीलबाई : सारखी होती. मग तुम्ही एका पारड्यात सोफा बसवलात.

लाँड्रीवाला : बाई, सोळा वर्षं संसार केलाय मी. ती घरच उचलणार. बघत राहा तुम्ही.

वकीलबाई : आणि नाही उचललं तर? दुकान गेलं तर?

लाँड्रीवाला : असं अभद्र बोलू नका. दुकान गेलं तर सकाळी उठून मी जाऊ कुठे?

वकीलबाई : म्हणूनच सांगते, घराकडे निदान दोन खुर्च्या ठेवा.

लाँड्रीवाला : दुसरी कुणासाठी? त्या दातवाल्यासाठी?

वकीलबाई : आता हा दातवाला कोण?

लाँड्रीवाला : आमचं गिऱ्हाईक. दातांचा डॉक्टर. आठवड्याला पाच शर्ट टाकायचा. एकदा त्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं होतं. हिनं लावून दिलं.

वकीलबाई : लाँड्रीत लावतात की बटण.

लाँड्रीवाला : पांढऱ्याला पांढरं लावतात, आणि विषय संपतो. हिनं चार डबे उपसून तीच छटा शोधली. चार डबे! माझ्या या शर्टाला दोन वर्षं काळं बटण आहे. हे बघा.

वकीलबाई : दिसलं. बसा, बसा. इतक्या जवळून नको.

लाँड्रीवाला : आणि आता चार महिने झाले, त्याचा एक शर्ट दुकानात दिसत नाही. यावरून काय समजायचं?

वकीलबाई : की त्यानं लाँड्री बदलली.

लाँड्रीवाला : तुम्ही फार भोळ्या आहात. मी दुकानात असतो तेव्हा ही त्याचे शर्ट घरी करून देत असणार! उद्या तो माझ्या सोफ्यावर रेलेल, माझ्या कपातून चहा पिईल. पिऊ दे, पण उभ्यानं. दातवाल्यांना उभं राहायची सवय असते.

(बायको येते. समोरचे दोन्ही कागद वाचते. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचते.)

बायको : एक चमचा?

लाँड्रीवाला : ढवळायला पुरतो.

बायको : अहो, हे घर आहे की कोठडी? कुणी आलं-गेलं तर?

लाँड्रीवाला : कोण येणार आहे?

बायको : माझी आई.

लाँड्रीवाला : आईंना खुर्ची दे. तू पायपुसण्यावर बस.

वकीलबाई : तुम्ही दोघं जरा थांबा. बाई, उचललेला वाटा परत ठेवता येत नाही. दोघांनीही तशी सही केलेली आहे. सवडीनं ठरवा.

बायको : ठरलं. दुकान.

लाँड्रीवाला : दुकानाचं काय?

बायको : दुकानाचा वाटा. मशीन, मशीनचं कर्ज, पाच खुर्च्या, सोफा, फ्रिज.

लाँड्रीवाला : अगं, तुझे पडदे! आठ दिवस वणवण करून आणलेले! ते सोडून जाणार तू?

बायको : पडदे दुकानाच्याच वाट्यात आहेत. सातव्या ओळीत. तुमचंच अक्षर आहे.

लाँड्रीवाला : ते... कुणाला लावून घेता येऊ नयेत म्हणून.

बायको : वाटलंच. अहो, मी घर घ्यायचं ठरवून आले होते. ती वाफ नको आणि ते कर्जही नको म्हटलं. दोन कप ठेवले असतेत ना, तरी घरच घेतलं असतं. पण हे वाटे तुम्ही तुमचे-माझे केलेच नाहीत. दुसऱ्या कुणाला काय मिळू नये, एवढंच बघितलंत.

लाँड्रीवाला : बाई, ही यादी फाडा. दुसरी करतो.

वकीलबाई : फाडता येत नाही. पण घर तुमचं झालं. खुर्ची आहे त्यात.

लाँड्रीवाला : अगं, तुला झेपेल का ते मशीन? का तो येणार आहे हाताशी? गल्ल्यावर बसवणार असशील त्याला!

बायको : कुणाला?

लाँड्रीवाला : दातवाल्याला!

बायको : त्याच्या निळ्या शर्टावर तुम्ही गरम इस्त्री ठेवलीत आणि वीसपर्यंत आकडे मोजलेत. मी मागे उभी होते. त्या दिवशी तो उरलेले शर्ट उचलून गेला. आता रस्त्यात मला ओळखही देत नाही.

लाँड्रीवाला : म्हणजे तू घरी करून देत नाहीस?

बायको : घरी? मला दुकानातले उरकत नव्हते.

लाँड्रीवाला : मग... कपडे टाकतो कुठे?

बायको : चौकातल्या लाँड्रीत.

लाँड्रीवाला : त्याच्याकडे? त्याला कॉलर जमत नाही.

बायको : नाहीच जमत. किल्ली द्या.