नोंदलेली कासवीण

—न्हाई गुरुजी, तसं न्हाई. पिल्लं हायेत. मागं टोपात हायेत, सात मोठी अन् चार बारकी. पन द्यायची न्हाईत. म्हंजे द्यायची हायेत, पन आत्ता न्हाई. तुमी राहुरीहून यष्टीनं आलात, झाकनाला भोकं पाडून डबा आनलात, शाळेतली पोरं वाट बगत असतील — समजतंय मला. पोस्टकार्ड आमच्या मंडळीनंच लिवलं तुमाला, एलिझाबेथनं. अक्षर तिचंच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय, समोरचं मानूस नुसतं सावलीसारखं दिसतं तिला, तरी ओळ वाकडी जात न्हाई. मिशनच्या शाळेत बाई हुती ना. अन् कार्डावर नाव लिवलंय ते मोझेस कृपादान म्हंजे मी. बसा, ह्या पायरीवरच बसा. जरा हळू बोलू, ती आत पडलीय.

अडचन कसली? अडचन कायद्याची. गेल्या साली तो जंगली जनावरांचा कायदा आला ना — तुमी पेपर वाचता, तुमाला ठाऊक असंल. ज्याच्या घरी असलं जनावर असंल त्यानं अर्ज भरून कळवायचं. आमी कळवलं. मग एलिझाबेथनं मला जंगलखात्याच्या कचेरीत धाडलं, विचारून या म्हनाली, पिल्लं विकायची तर काय रीत. तिथल्या क्लार्कनं सांगितलं — आता कायद्यात तसंच लिवलंय का त्याच्या मनचं, देव जाने — घरात अंड्यातून निघालेलं पिल्लू विकता येतं, पन केव्हा? पिल्लू वरसाचं झालं पायजे. त्याची आई अर्जात नोंदलेली पायजे. अन् विकायच्या आधी साहेबानं घरी येऊन ती आई बगितली पायजे, अर्जात लिवलेली खूण जुळवली पायजे. मग दाखला. दाखला नसंल तर फुकटसुद्धा द्यायचं न्हाई, नदीत सोडायचं म्हटलं तरी विचारून. आता ह्यात अवघड काय, असं तुमाला वाटनार. सात पिल्लं दीड वरसाची झाली, आई नोंदलेली हाय, साहेब नगरातच ऱ्हातो. बोलवा की त्याला. व्हय. एलिझाबेथही तेच म्हनते. रोज म्हनते. मी म्हनतो, साहेब दौऱ्यावर हाय. मी म्हनतो, साहेबाची बदली झाली, नवा यायचाय. आठ महिने झाले, गुरुजी, साहेब अजून दौऱ्यावरच हाय.

तुमच्याआधी तिघं आले. तिनंच कार्डं धाडलेली. एक बेलापूरचे, त्यांच्या बागेत हौद हाय. एक इथलीच नर्स बाई. तिघांनाबी मी ह्या पायरीवरनंच लावलं वाटंला, अन् आत जाऊन सांगितलं, त्यांना नको झालंय आता.

का म्हंजे — आता बगा, पयल्यापास्नं सांगतो. मी कॉलेजात कामाला, जीवशास्त्राच्या लॅबमधी अटेंडंट. आता रिटायर व्हायला दोन वरसं ऱ्हायली. तिथं कासवं यायची, पोरांना फाडून दाखवायला. कुठलं कितवं ते कळावं म्हून कवचाच्या कडंला कानशीनं खाच पाडायचे. एकसष्ट साली एलिझाबेथ माझा डबा घेऊन आली अन् टेबलावर ही कासवीण बगितली. काळी, एवढी, ताटलीएवढी. शेपटीजवळ डाव्या अंगाला एक खाच. दुसऱ्या दिवशी तिला फाडायची पाळी हुती. एलिझाबेथ सरळ प्राध्यापकांच्या खोलीत गेली अन् मागून घेतली. डब्याच्या पिशवीतनं घरी आनली. नाव ठेवलं मार्था — बायबलातल्या मार्थावानी सारखी कामात असल्यासारखी हिंडायची म्हून. मागं हौद बांधला मी, वाळूचं खोकं केलं. पुढं एक नरबी आनला. अंडी घातली की एलिझाबेथ त्यावर पेन्सिलीनं तारीख घालायची अन् वाळू कोरडी पडू द्यायची न्हाई. आमची लेक दया लग्न होऊन बेलापूरला गेली, तवापासनं तर हिचा सगळा जीव त्या हौदावर. पाव हातातनं खायची मार्था. तिच्याच हातातनं, माझ्या न्हाई.

मग बाहत्तर आलं. तुमाला काय सांगायचं दुष्काळाचं, तुमी तिकडचेच. नर त्याच साली मेला, म्हाताराच हुता. अन् त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत एलिझाबेथच्या छातीत निघालं. क्षय. चार महिने दवाखान्यात ठेवायचं म्हनाले, लांबच्या. जाताना टांग्यात बसली अन् मला एकच सांगितलं — "मार्थाला रोज दोन कळश्या. मी नाही म्हणून विसरू नका." बास. दयाचं न्हाई, माझ्या जेवनाचं न्हाई.

टाकलं की हो मी. पयले पंधरा दिवस दोन कळश्या टाकल्या. पन आमच्या गल्लीत टँकर यायचा दोन दिसाआड, अन् शेजारी रंगुबाई, तिच्या घरात बाळंतीण, ती टँकरपाशी उनात उभी ऱ्हायची. भिताडावरनं तिला आमचा हौद दिसायचा. ती नुसती बगायची. मी दोनाची एक कळशी केली. मग हौद उपसून पानी तिच्या घरी दिलं — चांगलंच केलं ना ते, सांगा तुमी — अन् मार्थाला ओल्या गोनपाटाखाली ठेवली. लॅबमधी चिखलात ऱ्हातात ती महिना महिना, मला म्हाईत हुतं. पिल्लांना काय, घमेलंभर पानी पुरायचं. पन गोनपाट भिजवावं लागतं, गुरुजी. रोज. एप्रिलात माझी दुष्काळी कामावर मोजनीला ड्यूटी लागली, कॉलेजच्या लोकांना धाडलं हुतं. तीन दिवस. रंगुबाईला सांगून जायचं, तर तोंड झालं न्हाई. जिच्या घरात प्यायला पानी न्हाई तिला कासवावर पानी मारा कसं सांगायचं. आलो तर गोनपाट रिकामं. हौदाच्या कोपऱ्यात जिथं पानी जायचं भोक हाय, तिथं ती तोंड लावून बसलेली. मान बाहेर, लांब केलेली. उचलली तर हलकी लागली.

पुरली. कुठं ते नका विचारू.

एलिझाबेथला कळवायचं हुतं मला, पत्र लिवाया घेतलं. पन डॉक्टर म्हनले हुते, मनाला लागंल असं काय कळवू नका. ते एक बरं निमित्त झालं मला. मे महिन्यात राहुरीला गेलो. मुळा धरनाचं पानी पार खाली गेल्तं, काठाला चिखल, तिथं भीमा म्हून एक मासे धरनारा हाय, त्याच्याकडनं तसलीच काळी मादी घेतली. तेवढीच. पन तिला खाच न्हवती. अन् एलिझाबेथ डोळ्यानं थोडीच बगनार, ती बोटानं बगते. लॅबमधनं कानस आनली. मांडीवर घेऊन बसलो. कवच म्हंजे लाकूड न्हाई, गुरुजी, त्याला आतनं जीव असतो, रक्त येतं. शंभर कासवांना खाचा पाडल्या असतील मी, कधी काय वाटलं न्हाई. त्या दिवशी ती आत मान ओढून फुसफुस करीत हुती अन् माझा हात थांबत हुता. हळद भरली. पाच दिवस तिनं काय खाल्लं न्हाई.

जूनला एलिझाबेथ आली. टांग्यातनं उतरली ती सरळ हौदाशी. मी धरून नेली. कडंवरनं बोट फिरवलं, खाच लागली, तिथं बोट ठिवून बसली जरा वेळ. मी म्हनलो, पानी कमी हुतं गं, जरा भ्यालीय, हातातनं खात न्हाई. बरं म्हनली.

तिथंच मिटलं असतं. खरं सांगतो, मिटलंच असतं. पन महिन्यात तो अर्ज आला. मी म्हटलं आपलं कुठं जंगली जनावर, घरातलंच हाय, गप बसू. ती म्हनली, कायदा म्हंजे कायदा. स्वतः बसून लिवला. ‘काळी कासवीण एक, एकसष्ट सालापासून आमच्या घरी, कवचास डावीकडे एक खाच, पिल्ले सात, सर्व घरातच जन्मलेली.’ खाली लिवलं, वरील मजकूर खरा आहे. माझ्याकडं सरकवला सहीला. मी सही केली.

आता बगा कसं झालं ते. मी मुळेवरनं ती आनली तवा कायदाच न्हवता हो इथं. चोरी न्हवती ती. जशी हाय तशी लिवली असती तर कुनी बोट लावलं नसतं. मार्था मेली असं लिवलं असतं तरी चाललं असतं. गुन्हा झाला तो त्या एका कागदानं. अन् ती सात पिल्लं — ती मार्थाचीच, खरीखुरी, घरातली, देवाशप्पथ — त्यांचा दाखला हवा तर आई दाखवा. अन् बारकी चार. ही बया पोटात घेऊनच आली हुती मुळेवरनं. एलिझाबेथ म्हनली, नर नाही आणि अंडी कशी? मी म्हनलो, कासवीण नराचं बी पोटात वरसानुवरसं सांभाळून ठेवते, प्राध्यापक सांगायचे. ते खरंच हाय, ठेवते. खऱ्याच गोष्टी सांगतो मी तिला, पन त्या खोट्याच्या कामाला लावतो.

साहेब येनार, चष्मा लावून खाच बगनार, जुनी हाय का नवी ते त्याला कळनार, अन् एलिझाबेथ शेजारी उभी असनार. तुरुंगाचं मला काय न्हाई. साहेबानं विचारलं, ही नवी खाच कुनी पाडली, तर मी तिच्याम्होरं काय सांगू? दया म्हनते, दोघं बेलापूरला चला. हिचं एकच, पिल्लं कागदानिशी मार्गी लावल्याबिगर हलायची न्हाई. म्हंजे पिल्लं जात न्हाईत, आमी जात न्हाई, त्या कासवीनीला सोडता येत न्हाई, ती नोंदलेली हाय. रोज सांजच्याला ती हौदाच्या भोकापाशी जाऊन बसते. तिचं बरोबर हाय, तिला धरन आठवत असंल.

एक सांगू? हे मी कुनाला बोललो न्हाई. दवाखान्यातनं आल्यापासनं एलिझाबेथनं तिला एकदाबी मार्था म्हून हाक मारली न्हाई. ‘तिला घातलं का’, ‘ती कुठाय’, एवढंच. बारा वरसं दिवसातनं वीस येळा नाव घ्यायची. मी वाट बगतो. मुद्दाम म्हनतो, अगं मार्था बग वर आली. ती नुसती बरं म्हनते. आता हिला कळलंय म्हनावं, तर मग साहेबाला बोलवा बोलवा का करते? अन् कळलं न्हाई म्हनावं, तर नाव का घेत न्हाई? विचारायचं कसं? विचारलं म्हंजे सांगितलंच की.

—थांबा. उठली वाटतं.

आलो गं.

ऐकलंत? राहुरीचे गुरुजी आले का म्हनते. चहा टाकते म्हनते. तुमच्यासाठी तिनं एक पिल्लू निवडून येगळं ठेवलंय, मगाशीच सांगत हुती, चपळ हाय म्हनून. न्हाई, उठू नका — म्हंजे उठा, पन आत न्हाई. आत कसं येनार आता तुमी. तुमी साधं मानूस हाय. तुमी नुसतं ‘नमस्कार बाई’ म्हनाल अन् तेवढ्यात तिला सगळं कळंल. डोळे गेल्यापासनं आवाजावरनंच वळखते. माझं येगळं, माझ्या आवाजाची तिला सवय झालीय.

जा गुरुजी. चपला हातात घ्या, फरशीवर वाजतात. तो डबा घ्या. तिकडनं न्हाई, हौदाच्या बाजूनं न्हाई, असे भिंतीकडनं.

—कुनी न्हाई गं. पत्ता चुकलेला मानूस हुता.