तराफ्याची कडी

पोस्टातल्या रांगेत इंग्रिडच्या पुढे गावाच्या शताब्दी समितीचे ऑरव्हिल आणि नदीकाठच्या जुन्या, मूलनिवासी आणि फ्रेंच अशा मिश्र वंशाच्या मेटी घरातल्या डेलिमाबाई उभ्या होत्या.

“ऑरव्हिल, फलकावर काय कोरलंत? ‘रेल्वेआधी इथे कोणी नव्हतं’?”

“हळू बोला, लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत. सगळं गाव चौकोनात आखलंय, मग हाच रस्ता नदीकडे तिरपा का जातो?”

“जुनी वाट असेल.”

“कोणाची, गवताची? माझे आजोबा तिथे तराफा चालवायचे. तुमच्या आजोबांना बैलांसकट त्यांनीच पार नेलं.”

“त्याला पुरावा नाही.”

“त्या रस्त्याच्या टोकाला, तुमच्या परसात लोखंडी कडी आहे ना?”

“आहे. कपड्यांची दोरी बांधतो तिला.”

“तराफ्याचा दोर तिलाच बांधलेला असायचा. तुमचा तो फलक तिथेच वाळत घाला, विजारींशेजारी.”

खिडकीवरून हाक आली, तरी रांगेतलं कोणी पुढे सरकलं नाही.